पांदणीवरचे दोन व्याही

हिंगणघाट
१८ नोव्हेंबर २०२४

व्याहीबुवा अण्णाजी, राम राम.

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि तुम्ही गंभीर आवाजात विचारलंत, "कधी गेले? त्रास झाला काय?" तेव्हा रुख्माबाईंनी तुमच्या हातातून फोन काढून घेतला. तुमच्या कानातलं मशीन फोनला लागलं की शिट्टी मारतं, त्यात तुमचा दोष नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. कापडाच्या दुकानात पावतीखेरीज काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नका.

तर विषय सायकलीचा आहे. हसा आता.

डॉक्टर म्हणाले, "शेठ, साखर वाढली. दुकानाच्या गादीवरून उठा, नाहीतर थेट आमच्या गादीवर याल." आमच्या धीरजने लगेच नागपूरहून सायकल आणली. तिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. मी विचारलं, म्हणजे काय? तो म्हणाला, "बाबा, ही डांबरी रस्त्याची नाही आणि डोंगराचीही नाही. ही मुरमाची सायकल." हँडल एडक्याच्या शिंगासारखं वळलेलं. घंटी नाही, कॅरिअर नाही, स्टँडही नाही. उतरलं की भिंत शोधत फिरावं लागतं. सोबत बुडाला गादी शिवलेली घट्ट चड्डी. चाळीस वर्षं जगाची मापं घेतली, पण स्वतःचं माप चुकलं. ती चढवताना यशोदाने एका बाजूने ओढली आणि मी दुसऱ्या बाजूने देवाचा धावा केला.

पहिल्याच दिवशी हैदराबादच्या हायवेवर गेलो. मागून ट्रकने हॉर्न दिला आणि मी सायकलीसकट एका पानठेल्यात शिरलो. ठेलेवाल्याने विचारलं, "शेठ, साधा का मसाला?"

मला मोटारगाडी नसलेला रस्ता हवा आहे. तुमच्या खैरखेड्याकडे शेतांमधल्या पांदणी आहेत, कालव्याची वाट आहे, असं तुमचा आदेश लग्नात सांगत होता. कुठून कसं जायचं ते लिहा.

आमची रीता दिवाळीला आली ती अजून इथेच आहे. तिचं ऑफिस हल्ली घरूनच चालतं म्हणे. आदेश पुण्यात कामात असेल.

आपला
हिरालाल


खैरखेडा, ता. आर्वी
२६ नोव्हेंबर

शेठजी, राम राम.

पत्र भेटलं. हिने मोठ्यानं वाचून दाखवलं, म्हणजे गल्लीनंही ऐकलं. चड्डीचं आता गावभर झालं. येसान तेव्हा लोक पाहाले येतीन, त्याची तयारी ठेवा.

रस्त्याचं सांगतो. आर्वीच्या सडकीवर येऊच नका. धरणाच्या कालव्याच्या काठानं मुरमाची वाट हाय. त्यावर मोटार येत नाई, कारण मधात पूल खचला, चार चाकं जातच नाई. सायकल खांद्यावर घेऊन नाला उतरा लागते. तिथून पुढं बाभळीतली पांदण, आमच्या वावरापर्यंत. सकाळी एखादी बैलबंडी, वावरात चरणारा एखादा रोही, बाकी कोनी नाई.

आन् एक सांगू? मलेही तोच रस्ता लागते. हिनं माह्यी सडक बंद केली. झालं असं की मी फटफटी घेऊन आर्वीले चाललो होतो. मांगून टरक हारन देऊन राह्यला, मले काय ऐकू येते? शेवटी डायवर गाडी आडवी लावून उतरला अन् शिव्या देऊ लागला. त्याचं तोंड हालताना दिसलं. मले वाटलं ओळखीचा हाय, म्हून मी हात जोडून म्हनलं, "हाव, घरचे समदे बरे हाय." तो बिचारा गाडीत बसून निंगून गेला.

आदेशची कॉलेजातली सायकल गोठ्यात टांगून होती, तिच्यावर कोंबडी अंडे घेऊन रवणाले बसे. कोंबडीले दुसरी जागा दिली अन् सायकल उतरवली. तुम्ही या. एक भेकड अन् एक बहिरा, दोघं मिळून एक धड माणूस तरी होईन.

आदेश दिवाळीले एकटाच आलता. रीताचं काम हाय म्हने. मी जादा विचारलं नाई.

अण्णाजी


हिंगणघाट
१७ डिसेंबर

प्रिय अण्णाजी,

घरी सुखरूप पोचलो. सायकलही पोचली. आर्वीला माल पोचवणाऱ्या टेम्पोत आम्ही दोघं शेजारी आडवे पडून आलो. तिला जास्त लागलं होतं की मला, हे हमाल ठरवू शकला नाही.

अण्णाजी, तुमची वाट मात्र फार सुंदर आहे. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला पांढरा कापूस, आणि कानाला दुसरा आवाज नाही, चाकाखाली मुरूम करकरतो तेवढाच. इतकी वर्षं मी कापूस फक्त गठाणीत पाहिला. झाडावर पाहिला तेव्हा वाटलं, हा माल एवढा मोकळाढाकळा राहतो तरी कसा? कापूस वेचणाऱ्या बायकांनी मला पाहून हात थांबवले. त्यातली एक म्हणाली, "शेठजी, एवढं मोठं दुकान, अन् स्वतःले कपडा पुरला नाई काय?" तुम्ही पुढे होतात, ते तुम्ही ऐकलं नाही. बरं झालं.

कालवा पाझरतो तिथल्या काळ्या मातीत मी पडलो, त्याबद्दल काय लिहू? माती एवढी चिकटली की चाकं फिरेनात, आणि चाकं सोडवायला गेलो तर चपला राहिल्या. तुम्ही मला आधी काढलं आणि मग सायकल काढली, हे मी लक्षात ठेवलं आहे. धीरजने उलटं केलं असतं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. पळसाखाली बसलो तेव्हा मी जे बोललो, त्याबद्दल लिहितो आहे. माझी मुलगी आणि तुमची सून पुण्याला परत जाणार नाही म्हणते, ती आणि आदेश वेगळे होणार म्हणतात, एवढं सांगायला मला अख्खा कालवा लागला. मला वाटलं होतं तुम्ही उठून जाल. व्याह्याने व्याह्याला असं सांगावं आणि तेही अशा कपड्यांत! पण तुम्ही माझ्या गुडघ्यावर थाप मारलीत आणि म्हणालात, "चालते शेठजी, होते असं. नवं टाकून घेऊ."

त्या वाक्याचा अर्थ मी टेम्पोत सारा वेळ लावत होतो. नव्याने सुरुवात करून देऊ, असंच ना? एवढं मोठं मन मी आमच्या व्यापारात पाहिलं नाही. यशोदाला सांगितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तुमचा
हिरालाल


खैरखेडा
२६ डिसेंबर

शेठजी,

तुमचं पत्र या बारीनं मी एकट्यानं वाचलं, गोठ्यात बसून. काय लिहू ते समजत नाई, पण लिहा लागते.

पळसाखाली मशीन माह्या कानात नव्हतं. घामानं खराब होते म्हून खिशात ठेवलं होतं. तुमचं तोंड हालत होतं, डोळे भरून आलते. मले वाटलं कंबर दुखून राह्यली, अन् सायकलीची ट्यूब फाटली त्याचं दुःख करून राह्यले. म्हून म्हनलं, नवं टाकून घेऊ.

हसा शेठजी. मीही हासलो.

मले हे दिवाळीपासूनच माहीत हाय. आदेशनं वावराच्या धुऱ्यावर बसून सांगतलं. आईले सांगू नका म्हने. मी त्या दिवशी तुम्हाले तेच सांगाले नेलतो. सायकल, कालवा, पांदण, हे समदं बहाणा होता. पण पळसापाशी आलो अन् हिंमत गेली. मशीन लावावं तर तुम्ही काही वंगाळ बोलसान अन् ते ऐका लागन. नाई लावावं तर आपन सांगाचं अन् समोरचा काय म्हनते ते समजाचं नाई. म्हून खिशातच राहू दिलं. तुम्ही तर बोलून मोकळे झाले. तुम्हाले मी भेकड म्हनलं होतं, आता तुम्हीच सांगा भेकड कोन.

माह्या डोक्यात एक हाय. संक्रांतीले तुम्ही रीताले सायकल फिरवाले म्हून घेऊन या. आदेशले मी आईची तब्येत बरी नाई म्हून बोलावतो. चौघं पांदणीवर जाऊ. मधात तुमची माह्यी सायकल पंक्चर होईन. पोट्टे पुढं जातीन, दोघंच. त्या वाटेवर माणूस बोलते शेठजी. तुम्ही नाई काय बोलले?

अण्णाजी


हिंगणघाट
२० जानेवारी २०२५

श्री. अण्णाजी भोयर यांस,

पोरांनी कोर्टात अर्ज दिला, हे संक्रांतीला तुमच्या पांदणीवर उभं राहून कळलं. मी तिथे जे बोललो ते रागाने बोललो. पण ते खोटं होतं असं मला वाटत नाही.

सायकलीवर चादर टाकली आहे. आपल्यातलं नातं कोर्टात सुटणारच आहे, तेव्हा पत्रव्यवहारही नको.

हिरालाल


मु. सेवाग्राम
९ मार्च २०२५

शेठजी,

पत्र लिहू नका म्हनलं होतं तुम्ही. मी लिहून नाई राह्यलो, मी भांडाले येऊन राह्यलो. पण अर्ध्यात अडकलो, म्हून लिहा लागते.

संक्रांतीपासून तुमच्याशी पत्रानं भांडाचं म्हून दहादा कागद घेतला. पत्रात भांडता येत नाई, शेठजी. आज राग लिहावा, आठ दिवसांनी तो तुम्हाले भेटावा, आणखी आठ दिवसांनी उत्तर यावं, तवरोक इकडं माणूस तूर झोडपून मोकळा होते अन् कायचा राग होता तेच आठवत नाई. फोनवर शिट्टी. मंग समोरासमोर राह्यलं.

तो दिवस मी विसरलो नाई. आपन दोघांनी आपापल्या चाकाची हवा सोडली अन् बसलो वाट पाहात. पोट्टे परत आले तर हासत आले. तुम्ही माह्या हाताले चिमटा काढला, "जमलं अण्णाजी!" मी तर मनात पेढे वाटले. रीता म्हनली, "बाबा, दोन सायकली एकाच वेळी पंक्चर होतात का? आणि व्हॉल्वची टोपणं तुमच्या हातात आहेत." मंग आदेशनं शांतपणे सांगतलं, अर्ज दिला हाय. रीता म्हनली, "आता आम्ही भांडतही नाही बाबा. पुण्याच्या घरातही दोन भाडेकरू राहतात तसे राहत होतो. आज इतक्या दिवसांनी नीट बोललो, ते सुटायचं ठरलं म्हणून."

तेव्हा तुम्ही माह्याकडं वळून म्हनलं, "पोराला शिकवलंत, वागायला शिकवलं नाही."

शेठजी, त्या दिवशी मशीन कानात होतं.

हिले घरी जाऊन सांगा लागलं. ती तवापासून रीताचं नाव घेत नाई. माणूस गेल्यावर बाई जशी बोलत नाई, तशी राहून राह्यली. मी चूप बसलो असतो, पण मांगच्या हप्त्यात तुमच्या घरून फोन आला, यशोदाबाईचा, तो हिनं घेतला. तुम्ही दुकानात जात नाई, फिरत नाई, गोळ्या खाऊन पडून राहाता. मले आणखीच राग आला. भांडाचं अन् समोरचा आधीच आडवा, हे काय झालं?

म्हून सायकल काढली. सडक सोडून कालवा, पांदण, मुरूम, जिथं वाट नाई तिथं धुरा, असा निंगालो. एका गावात लोक समजले मी मतं मांगाले आलो, चहा दिला. दुसऱ्या गावात कुत्रे समजले मी चोर हाय. तिथंच जोरात पायडल मारलं अन् गुडघा गेला. कसातरी बहिणीच्या घरी, जिजाबाईकडं, सेवाग्रामले आलो. ती इथं दवाखान्यात आया म्हून लागली हाय. गुडघ्याले पट्टी बांधली अन् मले म्हनली, "दादा, या वयात भांडाले सायकलीवर जातात काय?"

मी अर्धा आलो. अर्धे तुम्ही या. सडकीनं येऊ नका.

अण्णाजी


हिंगणघाट
४ एप्रिल २०२५

अण्णाजी,

वर काय लिहावं याचा विचार करत बसलो आणि शेवटी नुसतं नावच लिहिलं. व्याही लिहावं तर काही महिन्यांत ते कागदावर खोटं ठरेल. शेठजी तर तुम्ही मला म्हणता. तेव्हा अण्णाजी.

तुमचं पत्र यशोदाने माझ्यासमोर उभं राहून वाचलं आणि सायकलीवरची चादर ओढून काढली. पुढचं चाक चपटं, मागचं चाक चपटं, मालक तर त्याहून चपटा. घट्ट चड्डी घालायची हिंमत झाली नाही, म्हणून दुकानातला लेंगा घातला. तो साखळीत अडकला. लेंग्याचा पाय गुडघ्यापर्यंत कापून निघालो. कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतःच्या दुकानातला कपडा असा कापावा, हे आमच्या वडिलांनी पाहिलं असतं तर मला दत्तक दिलं असतं.

वाट मी तीनदा चुकलो. एका शेतात पोचलो तर तिथला माणूस म्हणाला, "ही वाट इथंच संपते." मी विचारलं, मग ही वाट कशासाठी आहे? तो म्हणाला, "माह्यासाठी." त्याचं खरं होतं. त्याने पाणी दिलं, पळसाच्या पानावर गूळ दिला. माझी साखर वाढली असेल, पण जीव शांत झाला. पळस असा पेटला होता की त्या उन्हातही मी थांबून पाहत राहिलो. घराबाहेर पडायचं विसरलो होतो, ते तिथे आठवलं.

जिजाबाईंच्या अंगणात तुम्ही पाय पसरून बाजेवर बसला होतात. तुम्ही मशीन कानात बसवलंत, माझ्याकडे पाहिलंत. इथपर्यंत मी रस्ताभर भांडणाची वाक्यं जुळवत आलो होतो.

तुम्ही म्हणालात, "माह्या पोराले वागाले शिकवलं नाई, असं म्हनलं तुम्ही."

मी म्हणालो, "म्हटलं."

"मंग आता परत म्हना."

मला म्हणता आलं नाही. तोंड उघडलं, पण आवाजच निघेना. तुम्हाला वाटलं मशीन बंद पडलं, म्हणून तुम्ही ते काढून ठोकून पाहिलंत. तेव्हा जिजाबाई आतून म्हणाल्या, "मशीन बरोबर हाय दादा, माणूस चूप हाय. आता दोघं जेवून घ्या."

आपलं भांडण झालं का, असं यशोदा विचारते. मी सांगतो, झालं, चांगलं जोरात झालं.

आदेश चांगला मुलगा आहे. माझ्या मुलीशी तो कधी उद्धट बोलला नाही, हे रीताने मला संक्रांतीच्या आधीच सांगितलं होतं. मीच मनावर घेतलं नाही. मला कोणाचा तरी दोष हवा होता, आणि तुम्ही सगळ्यात जवळ उभे होतात.

गुडघा बरा होईपर्यंत सायकलीला हात लावू नका.

हिरालाल


खैरखेडा
११ ऑगस्ट २०२५

शेठजी,

आदेशनं फोनवर लिहून पाठवलं. निकाल झाला. तुम्हालेही समजलंच असन.

तो म्हनला, कोर्टातून बाहेर येऊन दोघांनी उसाचा रस पेला अन् रीतानं त्याले स्टेशनवर सोडलं. हे आपल्याले समजाच्या पलीकडं हाय शेठजी. आपन भांडलो तर समदं गाव वाटून घेऊ. हे पोट्टे शांतपणे सुटतात अन् रस पेतात. बरं हाय का वाईट, मी ठरवणं सोडलं.

सायकल बंद हाय. काळ्या मातीत आता बैलही पाय टाकाले राजी नाई. पांदणीत गुडघ्याएवढा चिखल. कोंबडीनं जागा परत घेतली.

हिनं निकालाचं ऐकलं अन् सोयाबीन निंदाले वावरात निंगून गेली. सांजच्याले आली तर म्हनली, "ते पोट्टी जेवून तरी घेते का वेळेवर?" नाव नाई घेतलं. पण एवढं बोलली.

अण्णाजी


हिंगणघाट
२५ ऑक्टोबर २०२५

अण्णाजी,

एक विचारायचं आहे. नाही म्हणालात तरी मी रागावणार नाही.

रीता दिवाळीला इथे आहे. काल तिने मला सायकलीला तेल घालताना पाहिलं आणि विचारलं, "बाबा, खैरखेड्याला जाणार का?" मी हो म्हणालो. "मलाही यायचं आहे. आईंना भेटायचं आहे. मी सोडलं ते आदेशला. त्यांना मी काहीच सांगितलं नाही, नुसती यायची थांबले."

मी म्हणालो, त्यांना वाईट वाटलं तर? ती म्हणाली, "वाटू दे. समोर वाटू दे."

यशोदा घाबरली आहे. मीही घाबरलो आहे, पण माझं भेकडपण तुम्हाला जुनं आहे. रुख्माबाईंना विचारून कळवा.

हिरालाल


खैरखेडा
१२ नोव्हेंबर २०२५

शेठजी,

तुम्ही रीताले घेऊन आले त्या दिवशी घरात काय झालं ते तुम्ही पाह्यलं नाई. तुम्ही बाहेर पुढच्या चाकातले बाभळीचे काटे काढत बसले होते, अन् आमच्या गल्लीतले चार जण तुम्हाले चार तऱ्हेनं शिकवून राह्यले होते. रीताही तुम्हाले काही सांगणार नाई, तिचा स्वभाव मले माहीत हाय. म्हून मी सांगतो.

तुमचं पत्र आलं तेव्हाच मी हिले विचारलं होतं. ती चुलीत लाकडं सारत राह्यली. मी तुम्हाले "या" लिहून टाकलं. ते माह्या मनचं होतं, हिच्या मनचं नव्हतं. तुम्ही येसान त्या दिवशी सकाळपासून मी गोठ्यात लपून होतो, खरं सांगतो.

रीता आली. अंगणात चप्पल काढली. पाच वर्षं या घरात ती थेट सैपाकघरात जाये, हातपाय धुतले न धुतले. या बारीनं उंबऱ्याशी थांबली. म्हनली, "आई, येऊ का?"

हे चुलीपाशी होती, पाठमोरी. वळली नाई. पोरगी तशीच उभी. मी गोठ्यातून पाहून राह्यलो. मले वाटलं, आता हे काही बोलन अन् पोरगी परत फिरन, अन् शेठजी बाहेर काटे काढत बसले हाय, त्यांना काय तोंड दाखवू.

मंग हे म्हनली, तशीच पाठमोरी, "काऊन थांबली? माह्ये हात पिठाचे हाय. भाकर करपून राह्यली, उलथव."

रीता आत गेली. भाकर उलथवली. बोट भाजलं तिचं, तर हिनं हात धरून माठातल्या पाण्यात बुडवला अन् धरूनच बसली. अन् मंग जे रडल्या दोघी. आधी हे रडली. संक्रांतीपासून हिच्या डोळ्यातून पाणी नव्हतं आलं शेठजी. मले गोठ्यातून बाहेर या लागलं, पण कोनी विचारलं नाई मी कोन हाय.

रीता म्हनली, "आई, मी सांगून जायला पाहिजे होतं." हे म्हनली, "हाव, पाहिजे होतं. मले वाटलं मीच काही बोलली होती. हळदीकुंकवाले साडीचं बोलली होती ते लागलं का तुले, हेच घोकत बसली वर्षभर." पाहा शेठजी. आपन दोघं कालवे अन् पांदणी पालथ्या घालून राह्यलो, पंक्चरं काढून राह्यलो, अन् घरातली बाई एका साडीच्या गोष्टीवर स्वतःले दोष देत बसली होती. मी रोज तिच्यासमोर जेवलो, मले दिसलं नाई. याच्यात मशीनचा दोष नाई.

मंग जेवणं झाले, ते तुम्हाले माहीतच हाय. तुम्ही ठेच्याले साखर नसते म्हून दोनदा घेतला.

निंघताना तुम्ही टोपी घालून पुढं झाले अन् गल्लीच्या कोपऱ्यावर शेजारच्या धुरपताच्या बकरीले सायकल टेकवून उभे राह्यले, तेव्हाचं एक तुमच्या ध्यानात आलं नसन. हे रीताले सोडाले सडकीपर्यंत आली. हातात मुगाच्या वड्यांची पिशवी. धुरपता दारात उभीच होती. तिले समदं माहीत हाय, कोर्टाचंही माहीत हाय, तरी मुद्दाम विचारलं तिनं, "काय रुख्माबाई, सून आली होती काय?"

मी मनात म्हनलं, झालं. आता काय सांगन हे? हाव म्हनलं तर खोटं, नाई म्हनलं तर पोरीच्या तोंडावर.

हिनं पिशवी रीताच्या हातात दिली, पदर सारखा केला अन् धुरपताले म्हनलं, "रीता आली होती."

धुरपता आणखी काही ऐकाले थांबली होती. पण हे वळून घरी निंगून आली.

अण्णाजी